पाठीवरची वेल

मार्तंडराव नागपूरच्या स्टँडवर सावनेरच्या गाडीच्या रांगेत उभे होते. रांगेत मधेच कोण घुसतं, ते त्यांच्या नजरेतून कधी सुटत नसे; पण आज डिसेंबरच्या कोवळ्या उन्हानं त्यांचे डोळे जड झाले होते. मागच्या बाकावरून विणकामाच्या सुयांची टिकटिक आणि दोन बायकांची कुजबुज ऐकू आली.

"वच्छले, त्याईले म्हन हलू नका. वेल अर्ध्यावरच आली माही."

"तूच म्हन वं. दुसऱ्याची नक्षी तू चोरणार, अन् तोंड माहं!"

मार्तंडराव वळले. "कसली वेल, बाई?"

"तुमच्या स्वेटरवरची जी. वळू नका ना!"

"पाठीवर वेल आहे?"

"पाह्य वं पंचफुले, यायले मालूमच नाही! कितीक दिवसाचा हाय हा?"

"तिसरा हिवाळा. बायकोनं विणलाय. साधाच तर आहे."

"पुढून साधा. मांगून कमरेपासून वेल चढली, अन् खांद्यापाशी दोन पाखरं बसून राहिली."

"मग पुढे का नाही विणली?"

"पुढे काहून विणन? तुमी हापिसात जाता, तवा दारातून बाईले पाठच तं दिसते तुमची."

गाडी लागली. रांग हलली.

"झालं! चालली माही पाखरं सावनेरले."

मार्तंडराव रांगेतून बाजूला झाले. त्यांनी स्वेटर अंगातून काढला आणि बाकावर पाठीची बाजू वर करून पसरला.

"अवो, गाडी सुटून राहिली ना जी!"

"सुटू द्या. तुम्ही विणा सावकाश. मीही जरा पाहतो."