शिनोच्या गळ्याशी तीन ठिपके

नाही नाही, छत्री बाहेरच राहू द्या, नागुमोसान, उंबऱ्याला टेकवून — भिजली तर भिजू दे, तिचं कामच ते. आजचा दिवसच असा आहे. सकाळपासून बघतोय, ऊनही आहे आणि पाऊसही आहे. उत्तरेच्या डोंगरावरून चार थेंब येतात, गल्ली ओली करतात, समोरच्या हात्सुएसान वाळत घातलेलं आत नेतात, की लगेच ऊन. त्या पुन्हा बाहेर घालतात, की पुन्हा चार थेंब. नोव्हेंबर लागला की आमच्या ह्या विणकरांच्या निशिजिनमध्ये हे असंच. ह्या हवेवर विश्वास ठेवू नये — तसा कोणावरच ठेवू नये म्हणा, पण मी हवेचं सांगतोय. बसा. चहा घ्या. आणि तो गोडाचा डबा जरा बाजूला ठेवा, मधे नको. तोक्योचा दिसतोय. गेल्या वर्षी तुमच्या कंपनीचे दोघं आले होते, त्यांनीही आणला होता, पण ह्याहून लहान. डबा मोठा झाला म्हणजे मागणंही मोठं असणार, नाही का? हसू नका, मी गमतीने नाही म्हणत.

तर खेळातल्या शिनोचा मी काढलेला पहिला कागद हवा तुम्हाला, पडद्यावरच्या त्या खेळातल्या. चिलखतातला नाही, त्याच्याही आधीचा. मघाशीच सांगितलं, असा कागद नाही. तुम्हाला कोणी सांगितलं, आहे म्हणून? — जुन्या कपाटात टिपण सापडलं, कुवाबारासानच्या हातचं. असेल. कुवाबारासान गोष्ट रचायचे आणि सगळं लिहून ठेवायचे, दुपारी काय खाल्लं तेसुद्धा. आता ते नाहीत, म्हणजे विचारायची सोय नाही, म्हणजे तुम्ही वाचाल ते खरं. वाचा बघू परत. — शिनो, विणकराची मुलगी, अंगात किमोनो, तिसऱ्या भागात मरते, तिचा सूड घ्यायला नायक निघतो. हं. आणि आता तोच खेळ तुम्ही नव्याने काढताय, आणि नव्यात हे जुनं परत आणणार. पस्तीस वर्षं लोकांनी जिला चिलखतात शेवटच्या लढाईपर्यंत चालवत नेली, तिला किमोनो घालून तिसऱ्या भागात मारणार. कोणी ओरडलं तर म्हणणार, आम्ही कुठे काय केलं, मुळात असंच होतं, हा बघा म्हाताऱ्याच्या हातचा कागद, हा त्याच्या संमतीचा शिक्का. बरोबर समजलो ना मी? माझी शाळा नावापुरतीच, पंधराव्या वर्षी मागाशी बसलो — पण ताकाला आलेल्याचं लपवलेलं भांडं मला दिसतं.

ते चित्र दाखवा. थांबा, चष्मा. — हं. हा खांदा उघडा, ही मांडी उघडी, आणि मागे हे पांढरं काय, बर्फ? बर्फात उभी आहे ही अशी? बरं. काढलंय हात बसलेल्या माणसाने, ते कळतं. तुम्ही काढलंत? — नाही. मला वाटलंच. तुम्ही चित्र माझ्यापुढे धरलंत आणि स्वतः कपातल्या चहाकडे बघत बसलात. ज्याला आपलं वाटतं तो आपल्या चित्राकडे बघतो. वरच्यांनी सांगितलं, खालच्याने काढलं आणि पाठवलं तुम्हाला, बाई आहे म्हणून. बाई गेली की म्हातारा नाही म्हणणार नाही, असं कोणीतरी बोललं असेल तिकडे. — बोललं ना? असू दे, नाव सांगू नका.

पण एक सांगतो. पडद्यावरच्या एका माणसाला चौकटीची आडवी सोळा घरं आणि उभी चोवीस, एवढीच जागा होती आमच्याकडे. रंग तीन. मला त्या कंपनीत घेतलं ते का, तर आम्ही विणकामाची नक्षी चौकटीच्या कागदावर घर घर भरून काढतो आणि त्यांचं पडद्यावरचं माणूसही तसंच भरायचं असतं. इकडे किमोनोवर कमरेला बांधायचे पट्टे विकले जाईनात, माग बंद पडत होते, तिकडे अकरा पोरं दुसऱ्या मजल्यावर दाटीवाटीने बसून खेळ बनवत होती. मी गेलो. त्यांनी पहिल्या दिवशीच शिकवलं — पुरुष चालतो तेव्हा पायात तीन घरांचं अंतर, बाई चालते तेव्हा एक. बाईच्या केसात दोन लाल ठिपके, खाली झग्याचा त्रिकोण. एवढं केलं की बाई. मी विचारलं, आणि नाही केलं तर? ते म्हणाले, मग कळणार कसं? घरी बायको होती, तीस वर्षं माग चालवलेली. चार जिने रिळांची टोपली घेऊन चढायची. तिच्या पायात एक घर अंतर कधीच नव्हतं, आणि ती बाई आहे हे मला न सांगताही कळायचं.

आता ह्या चित्रातलं मी मघापासून बघतोय ते — हे हो काय? गळ्याशी बघा. पट्टी बघा किमोनोची. उजवी वर आहे. — कव्हरसाठी चित्र उलटं फिरवलं? तोंड नावाकडे यावं म्हणून? आणि कोणालाच दिसलं नाही? किती जणांनी बघितलं म्हणालात, चाळीस? चाळीस माणसांनी बघितलं आणि एकालाही दिसलं नाही की डावी वर म्हणजे जिवंत आणि उजवी वर म्हणजे तिरडीवरचं माणूस. दिसेल कसं, मांडी बघत होते सगळे. गळ्याकडे कोण बघतंय.

तुमचा चेहरा पडला. नको, तुम्हाला नाही बोललो. तेव्हाही असंच झालं होतं — हे मी कोणाला सांगितलेलं नाही आणि तुम्ही ते आवाज टिपायचं मशीन चालू केलं असेल तर बंद करा. उलटं ठेवलंत म्हणजे बंद झालं असं नाही. — हं. आता ठीक.

खेळाच्या त्या यंत्रात जागा फार कमी. म्हणून माणूस एकाच बाजूने चालताना काढायचं, दुसऱ्या बाजूसाठी यंत्र तेच चित्र उलटं करून दाखवायचं. आरशासारखं. कोणाला काही वाटायचं नाही, तलवार ह्या हातातून त्या हातात गेली तरी पोरं खेळत राहायची. पण आमचं भरजरी कापड मागावर पालथं विणतात, सुलटी बाजू खाली असते, आम्ही जन्मभर उलट्याकडेच बघत काम करतो. आमच्या डोळ्यांना उलटं लपत नाही. मी शिनोला किमोनो काढला होता, गळ्याशी पट्टीचे तीन पांढरे ठिपके, डावी वर. आणि कुवाबारासाननी तिला पडद्यावर चालवून दाखवली. उजवीकडे चालली — जिवंत. डावीकडे वळली — उजवी पट्टी वर. परत फिरली — जिवंत. परत वळली — मेलेली. ते कौतुकाने तिला इकडून तिकडे नाचवत होते आणि मी —

फुमीला जाऊन सोळा दिवस झाले होते. माझी बायको. फेब्रुवारीत गेली, नव्या सम्राटाचा हेइसेई काळ सुरू झाला त्याच वर्षी. तिला हात्सुएसाननी आणि मी मिळून पांढरा किमोनो घातला. सवयीने माझ्या हातांनी डावी पट्टी वर घेतली, जन्मभर तिला तशीच बघितलेली. हात्सुएसाननी माझा हात बाजूला केला आणि उजवी वर घेतली. बस, एवढंच. आणि सोळाव्या दिवशी ती पडद्यावर चालत होती, इकडून जिवंत, तिकडून मेलेली, आणि अकरा पोरं म्हणत होती, तोकुजीसान, काय सुरेख चालते हो. चालणारच. चाल फुमीची होती. उजव्या हाताने धोटा फेकून फेकून तिचा उजवा खांदा एक बोट पुढे राहायचा. मी एक घर पुढे दिला होता. पायात तीन घरं.

मी कागद उचलला, म्हटलं, सुधारून आणतो. दोन दिवसांत गळा बंद केला. करड्या रंगाने गळ्यापासून पावलापर्यंत सगळं भरून टाकलं. पट्टीच नाही, मग उलटी कुठून होणार? कुवाबारासाननी विचारलं, हे काय, विणकराची मुलगी ना ही? मी म्हटलं, रंग वाचतो. खोटं सांगितलं. ते डोकं खाजवून म्हणाले, अहो, एवढं चिलखत घातलेल्या बाईला मी तिसऱ्या भागात मारू कशी, कोणी विश्वास ठेवेल का? आणि नाही मारली. गोष्ट बदलली. नायकाला सूड घ्यायला दुसरं काहीतरी शोधून दिलं, आणि शिनो त्याच्या बरोबरीने शेवटपर्यंत गेली. पुढे एक विद्यापीठातली बाई आली, म्हणाली, बायकांना अर्ध्या कपड्यांत काढायच्या त्या दिवसांत तुम्ही अंगभर चिलखतातली योद्धी काढलीत, काय दूरचं बघितलंत. मी मान हलवली. दूरचं कसलं, मला जवळचंच बघवत नव्हतं. पण तिला कुठे सांगत बसू. मुलींची पत्रं यायची कंपनीत, तीही मी मान खाली घालूनच वाचली. एकीने लिहिलं होतं, मलाही झगा आवडत नाही, शिनो घालत नाही तर मीही घालणार नाही. — तुम्हीही लिहिलं होतंत? अकिताहून? नको, आत्ता नका सांगू. खरं असेल, पण आत्ता सांगितलंत तर मला ते डब्यासारखंच वाटेल. दुसऱ्या कुठल्या दिवशी सांगा, हातात कागद-शिक्का नसताना.

तेव्हा वरच्यांना सांगा, म्हातारा शिक्का देत नाही. तो कागद देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे, फुमीच्या फोटोखाली, आणि तिथेच —

हं. नाही म्हटलं होतं मी. बरं, आहे. मघाशी खोटं बोललो. पण जो कागद मी स्वतः पस्तीस वर्षांत उघडला नाही, तो तुम्हाला कसा देऊ? हवं तर त्यांना सांगा की सापडला नाही. एक खोटं मी बोललो, एक तुम्ही बोला. — तिकडे बघू नका, देव्हाऱ्याचं दार बंद आहे. चिलखताचा कागद न्या, तो देतो, त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढा. आणि ते कव्हर आधी सरळ करायला सांगा, बाकीचं राहू दे.

ऊन पडलं बघा. निघा आता, पुढचे चार थेंब यायच्या आत. छत्री विसराल. डबाही न्या, वाटेत खा.

काय? खेळाबरोबरच्या पुस्तकात चिलखताचं कारण काय छापू? ते विद्यापीठातल्या बाईचं नको. खेळ बाजारात आला त्या हिवाळ्यात हात्सुएसानच्या मुलीने तो घरी लावला होता. हात्सुएसान मागे कपड्यांची टोपली घेऊन उभ्या राहून बघत होत्या, बर्फातून शिनो चालली होती. टोपली तशीच हातात घेऊन गल्ली ओलांडून आल्या, तुम्ही छत्री टेकवलीत ना, तिथे उभ्या राहिल्या. आत नाही आल्या. म्हणाल्या, "फुमीला थंडी सोसायची नाही. बरं केलंत, तोकुजीसान, अंगभर घातलंत ते."