स्वस्तातला प्रोग्रामर

तुम्ही हसाल, पण त्या दुष्काळात आमच्या लातूरला नळ कधी येईल याचा नेम नव्हता. आई दिवसभर नळाकडं कान लावून बसायची. म्हणून मी पाणी आलं की वाजणारा भोंगा करायला घेतला. त्यातल्या चिपमध्ये प्रोग्राम भरायला एक डबी लागते, तिला प्रोग्रामर म्हणतात. नांदेडच्या दुकानदारानं दोन दाखवले.

"यूएसबीवाला घ्या. हा दुसरा स्वस्त हाय, पण जुन्या कम्प्युटरलाच बसतो."

मी नवशिका, स्वस्तातला उचलला. घरी येऊन बघतो तर माझ्या लॅपटॉपला तो जोडायला जागाच न्हाई.

जुना कम्प्युटर होता औशाला, मावशीकडं. एसटीनं गेलो. तिनं त्याच्यावरच्या लोणच्याच्या बरण्या उतरवून दिल्या. दुपारभर खटपट केल्यावर प्रोग्राम एकदाचा भरला. मी ऐटीत भोंग्याची तार पाण्याच्या ग्लासात बुडवली. तो असा वाजला की शेजारीण दारात आली.

मावशीनं शांतपणे विचारलं, "हे वाजलं की पाणी येतं का?"

"न्हाई मावशी. पाणी आलं की हे वाजतं."

"मग एवढी यातायात कशाला केलीस बाबा? पाणी आल्यावर गल्लीतल्या बाया काय कमी वाजत्यात?"