कोणी ओरडलं नाही

मयूरा: थांब, थांब. मी आत्ता कोण आहे? सीईओ की फायनान्स?

यतिन: सीईओ. क्रेग. उद्याच्या बोर्ड मीटिंगची तालीम आहे ना ही. टेबलाच्या टोकाला बसलीस की क्रेग, खिडकीकडे बसलीस की फायनान्सची लीना, आणि फ्रिजजवळच्या खुर्चीत कंट्रोल रूमचा गुरुदत्त. सोपं आहे.

मयूरा: कॉलेजात एकाच एकांकिकेत तीन भूमिका केल्या, तेव्हाही मला कोणी एवढं पळवलं नव्हतं. बरं. यतिन, मेट, माझ्याकडे दहा मिनिटं आहेत. हे चित्र कसलं?

यतिन: एकच पान आहे, क्रेग. डावीकडे आपले कस्टमर. एकटे राहणारे म्हातारे लोक, गळ्यात आपलं बटण. पडले, छातीत दुखलं, की बटण दाबायचं. घरातल्या भिंतीवर आपला डबा असतो, त्यातून आपला माणूस त्यांच्याशी बोलतो. मधे आपली नवी सिस्टीम, उजवीकडे कंट्रोल रूम, तिथून अँब्युलन्स. संपलं.

मयूरा: छान. लहान मुलालासुद्धा कळेल.

यतिन: हे क्रेग म्हणतोय की तू?

मयूरा: दोघंही. पुढे.

यतिन: जुनी सिस्टीम उद्या कायमची बंद करायची आहे. बोर्डाकडून मला तेवढी एक परवानगी हवी.

मयूरा: आणि बंद केल्यावर काही बिघडणार नाही, कशावरून?

यतिन: स्क्रीम टेस्ट केलीय.

मयूरा: ही काय भानगड? हे मी विचारतेय, क्रेग नाही.

यतिन: आमच्या धंद्यातली जुनी पद्धत आहे. एखादी सिस्टीम कोण वापरतं ते कळत नसेल, तर ती गुपचूप बंद करायची आणि बघायचं, कोण ओरडतं. कोणीच ओरडलं नाही, तर ती कोणालाच नको होती. शुक्रवारी संध्याकाळी मी जुनी सिस्टीम बंद करायला सांगितली. आज रविवार, दुपार. कोणी ओरडलं नाही.

मयूरा: नाव ऐकूनच कसंतरी झालं.

यतिन: नाव आहे गं नुसतं. चल, लीना हो.

मयूरा: यतिन, माझ्या चित्रात हे लाल-हिरवं काय आहे? आणि लाल डबा एवढुसा का?

यतिन: लाल म्हणजे जुनं आणि महाग. लहान काढलाय कारण आता त्यावर फारसं कोणी उरलेलं नाही.

मयूरा: 'फारसं कोणी' म्हणजे कोणी की कोणी नाही?

यतिन: लीना असं विचारणार नाही. ती रंग बघते आणि खालचा आकडा बघते.

मयूरा: मग लीनाचं झालं. सरक, मला गुरुदत्तच्या खुर्चीत जाऊ दे. अरे यतिन, काय यार, हे चित्र आहे की मांजरीने उसवलेला स्वेटर?

यतिन: कंट्रोल रूमला सगळ्या वायरी बघायला आवडतात. कुठून काय येतं, कुठे जातं. म्हणून त्यांच्या चित्रात सगळं आहे.

मयूरा: ही तुटक रेघ कसली? लाल डब्यातून निघून कंट्रोल रूमकडे जातेय ती.

यतिन: ती काही नाही.

मयूरा: क्रेगच्या पानावर नव्हती. आणि लीनाच्याही.

यतिन: मयूरा, मॉडेल एकच असतं. आतमध्ये सगळं असतं. त्यातून ज्याला जेवढं लागतं तेवढंच चित्र काढून द्यायचं. बोर्डापुढे सगळं मांडलं तर पाचव्या मिनिटाला सगळे फोन काढून बसतात.

मयूरा: म्हणजे कढई एकच, आणि प्रत्येकाच्या पानात वेगळं वाढायचं.

यतिन: वाढप्याचं कामच ते.

मयूरा: आणि कढईत काय आहे ते एकट्या वाढप्याला माहीत. रेघ कसली ते सांग.

यतिन: सायलेंट कनेक्शन्स आहेत. आठ-दहा असतील. नव्या सिस्टीमवर यायची राहिलेली. वर्षभरात एकदाही बटण दाबलेलं नाही, पत्रांना उत्तर नाही, फोन लागत नाही. माणूस गेलेला असतो, घर रिकामं असतं, डबा भिंतीवर तसाच राहतो. असं होतं गं.

मयूरा: जाऊन बघितलं कोणी?

यतिन: ब्रोकन हिलच्याही पलीकडे, पार आडरानात आहेत सगळी. कोण जाणार?

मयूरा: गुरुदत्त काही बोलला नाही?

यतिन: बोलला. म्हणाला, ही रेघ अजून जिवंत आहे का बघ. मी म्हटलं, बोर्ड ठरवेल.

मयूरा: आणि बोर्डाच्या चित्रात ती रेघच नाही.

यतिन: तू आता लीनापेक्षा वाईट झालीस. हे बघ, माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. ती रेघ दिसली की दहा प्रश्न निघतील, आणि प्रश्न निघाले की काम तीन महिने लांबेल. रिन्यू झालं नाही तर हे घर कसं ठेवायचं ते तू सांग. मी खोटं काही काढलेलं नाही. फक्त एक रेघ काढली नाही.

मयूरा: चिडू नकोस. मी नुसती विचारतेय. तूच बसवलंस ना मला विचारायला?

यतिन: हो. सॉरी. चांगलं केलंस, खरंच. उद्या यापेक्षा अवघड कोणी विचारणार नाही. झाले तिघंही. चहा टाकू?

मयूरा: एकजण राहिली.

यतिन: कोण राहिली? चौथी खुर्ची आपल्या अनुष्काची आहे आणि ती मैत्रिणीच्या बर्थडे पार्टीला गेलीय. साडेपाचला आणायचंय तिला. मयूरा? तिथे कुठे चाललीस? वॉशिंग मशीनच्या खोलीच्या दारात खाली काय बसतेस?

मयूरा: फरशी गार आहे. तेवढं बरं आहे.

यतिन: बाहेर बेचाळीस डिग्री आहे, गार वाटणारच. अगं, आडवी काय झालीस? चक्कर आली का?

मयूरा: मला वाटलं, तुम्ही शुक्रवारीच बोलाल. हॅलो? ऐकतोयस का, लव्ह?

यतिन: 'लव्ह' काय? अच्छा, इथल्या गोऱ्या म्हाताऱ्या बोलतात तशी कस्टमर झालीस होय. छान जमतंय. पण बाई, उद्याच्या मीटिंगला कस्टमर नसतात.

मयूरा: पूर्वी दाबलं की आधी डबा वाजायचा आणि मग कोणीतरी बोलायचं. आता नुसता दिवा लागतोय. हिरवा. लागतो आणि विझतो. मी परत दाबते, परत लागतो. तुम्ही लोक कामात असाल.

यतिन: हिरव्या दिव्याचं तुला कोणी सांगितलं?

मयूरा: वर्षभर कधी दाबलं नाही हो मी. उगाच कशाला कोणाला त्रास द्यायचा? खरंच लागेल तेव्हा दाबू म्हणून ठेवलं होतं.

यतिन: मयूरा, पुरे आता. ऊठ.

मयूरा: टॉफीच्या वाडग्यातलं पाणी मी प्यायले. ती काही बोलली नाही. आता नुसता वाडगा चाटतेय बिचारी. पाय हलत नाही माझा. हा असा वळलाय ना, तसाच राहिलाय.

यतिन: टॉफी कोण? मयूरा, माझ्याकडे बघ.

मयूरा: ओरडूनही बघितलं. इथे घरं फार लांब लांब आहेत, लव्ह. काल घसा बसला, मग सोडून दिलं.

(यतिनला बायकोचे सगळे आवाज ठाऊक आहेत. रागाचा, लाडाचा, फोनवर सासूबाईंशी गोड बोलतानाचा. हा त्यातला नाही. हात धरून तिला उठवावं एवढंही त्याला सुचत नाही. मयूरा आपली आपणच उठते, सिंकपाशी जाते आणि नळाचं पाणी भांड्यात घेऊन घटाघटा पिते, दोन भांडी, तिसरं अर्धं.)

मयूरा: असा काय बघतोयस?

यतिन: हे सगळं तू कुठून आणलंस?

मयूरा: रचलं. क्रेगचं नाही का रचलं? दिव्याचं तूच कधीतरी बोलला असशील.

यतिन: नाही बोललो. ते जुने डबे मी गोडाउनमध्ये बघितलेत. मागची लाइन बंद असली तरी बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो. हे ऑफिसातही फार कोणाला माहीत नाही.

मयूरा: मग मला कसं माहीत?

यतिन: मी तुला विचारतोय. क्रेगसारखंच रचलंस का, नीट आठवून सांग.

मयूरा: नाही. क्रेगचं पुढचं वाक्य मला आधी कळत होतं. हिचं नव्हतं कळत. मी बोलतेय एवढं कळत होतं, काय बोलणार ते नाही. यतिन, माझा घसा दुखतोय.

यतिन: एसीमुळे असेल.

मयूरा: असेल. तू फोन लाव.

यतिन: कोणाला? आणि काय सांगू, माझ्या बायकोच्या अंगात आलं म्हणून सिस्टीम चालू करा?

मयूरा: काय वाट्टेल ते सांग. बायकोला वेड लागलंय म्हण.

यतिन: आत्ता चालू केली की टेस्ट वाया गेली. सगळी नोंद राहते त्याची. क्रेग उद्या पहिला प्रश्न तोच विचारेल.

मयूरा: तू कोण ओरडतं म्हणून वाट बघत बसलास. ती ओरडणार कशातून, यतिन? जे बंद केलंस त्यातूनच ना?

(यतिन टेबलावरचा फोन हातात घेतो.)

मयूरा: मला भीती वाटतेय. लाव ना फोन.

यतिन: लावतो. स्पीकरवर टाकतो. हॅलो, गुरुदत्त? ड्यूटीवर आहेस ना?

गुरुदत्त: आहे ना. रविवारी दुसरं कोण असणार? बोल. तुला पण सुट्टी नाही काय?

यतिन: जुनी सिस्टीम चालू कर.

गुरुदत्त: मजाक करतो काय? उद्या तिचं तेरावं घालायला चाललास आणि आज उठव म्हणतो?

यतिन: आत्ता कर. माझ्या नावावर टाक.

गुरुदत्त: टाकतो. कारण काय लिहू?

यतिन: लिही, यतिनला भीती वाटली.

गुरुदत्त: असं लिहीत नाही रे कोणी. बरं, केली चालू. वेळ लागतो हिला, म्हातारी आहे.

मयूरा: गुरुदत्त, मी मयूरा. काही दिसतंय का?

गुरुदत्त: अजून नाही, वहिनी. पडदा काळाच आहे. झालं काय पण? तुमचा आवाज असा का येतोय? सर्दी झाली काय?

मयूरा: तुम्ही पडद्याकडे बघा.

गुरुदत्त: बघतोय. आली. एक मिनिट हां. एक कॉल आहे.

यतिन: एक?

गुरुदत्त: एकच घर आहे. पण बटण दाबलंय ते... अरे देवा. शुक्रवार रात्रीपासून आहे. डब्याने सगळं साठवून ठेवलंय, आता एकदम येतंय. पान भरलं, यतिन. अजून खाली जातंय.

यतिन: नाव काय आहे?

गुरुदत्त: नावाची जागा रिकामी. तुम्ही जुन्या रेकॉर्डची साफसफाई केली ना, त्यात गेलं असेल. पत्ता आहे. ब्रोकन हिलवरून अजून तासभर. थांब, आधी अँब्युलन्स सांगतो... सांगितली. निघतायत.

यतिन: तिच्याशी बोल.

गुरुदत्त: तिच्याशी? बाई आहे हे तुला कोण बोललं?

यतिन: तू बोल रे आधी.

गुरुदत्त: हॅलो? हॅलो डार्ल, कॅन यू हिअर मी? ... कोणी बोलत नाही. कुत्रं आहे वाटतं आत. फरशीवर नखं वाजतायत.

मयूरा: त्याला टॉफी म्हणून हाक मारा.

गुरुदत्त: काय मारू?

मयूरा: टॉफी. मोठ्याने.

गुरुदत्त: टॉफी? टॉफी! ... वहिनी, भुंकलं. थांबा, थांबा. बोलली. बाई बोलली. जिवंत आहे रे, यतिन. आवाज पार बसलाय, पण बोलतेय.

यतिन: शुद्धीत आहे?

गुरुदत्त: सॉरी म्हणतेय. त्रास दिला म्हणून मला सॉरी म्हणतेय. मी सांगतोय तिला, गाडी निघालीय, नो वरीज.

यतिन: लाइन सोडू नकोस.

गुरुदत्त: सोडतोय कशाला? पण उद्याचं काय करणार तू? तुझ्या त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंयस, कोणी ओरडलं नाही.

यतिन: ते पान जाणार. उद्या सगळ्यांना एकच चित्र दाखवणार, रेघेसकट. आणि ती रेघ मी का लपवली तेही सांगणार.

गुरुदत्त: ठेवतील काय तुला?

यतिन: नाही ठेवलं तर नाही. मयूरा, चालेल ना?

मयूरा: चालेल.

गुरुदत्त: एक मिनिट, ती काहीतरी विचारतेय. परत बोल, डार्ल? ... यतिन, आपल्याकडून दुसऱ्या कोणी लावला होता का तिला फोन? पण लाइन तर बंद होती ना शुक्रवारपासून.

यतिन: का? काय म्हणतेय?

गुरुदत्त: मला नीट कळत नाहीये. म्हणतेय, मघाशी इथे फरशीवर माझ्या शेजारी एक मुलगी आडवी झाली होती, ती पाणी प्यायला उठून गेली. विचारतेय, ती परत येणार आहे का?

मयूरा: आलेच म्हणावं.