लेआउटमधली बाग

सरकारी माणूस टेबल सोडत नाही असं म्हणताय ना, मग आमच्या पवनीच्या इंजिनियर मॅडमचं ऐका. मी लेआउटचे नकाशे काढतो. एका शेठनं धानाच्या शेतात प्लॉट पाडायला घेतले आणि लेकरांच्या बागेची जागा मला सगळ्यात खोलगट कोपऱ्यात दाखवायला लावली. मीही मुकाट्यानं दाखवली.

प्राथमिक मंजुरीआधी मॅडम स्वतः जागा पाहायला आल्या; शेठ आणि मी सोबत होतो. नकाशा हातात घेऊन बांधावरून थेट त्याच कोपऱ्याशी जाऊन थांबल्या.

"शेठ, इथं झोपाळा दाखवलाय. जरा उभे राहून दाखवता?"

"काहून नाही? एकदम कडक जमीन आहे, मॅडम," म्हणत शेठ खाली उतरला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला.

मॅडम हसल्या नाहीत. "लेकरं तुमच्यापेक्षा बुटकी असतात," एवढंच म्हणाल्या.

शेठचा चेहरा पडला. "चुकलं, मॅडम. बाग रस्त्याकडच्या उंच जागेवर देतो. भाऊ, मले बाहेर काढ ना!"

मी हात पुढे केला, तर मॅडमनी माझ्या हातात नकाशा आणि पेन्सिल ठेवली.

"आधी बाग वर काढा, मग शेठला."