अण्णा गेले... पुढे वाचा

...नाही, पण एक बोट हलवायला माणसाचं जातं काय, हे मला कुणीतरी सांगा! एक बोट! ज्या बोटानं दिवसभर अंगठे देता, हात जोडता, फुलं वाहता, तेच बोट जरा खाली न्यायचं आणि त्या निळ्या अक्षरांवर टेकवायचं. काय लिहिलेलं असतं तिथे? 'पुढे वाचा'! विनंती आहे हो, शिवी नाही! पण छे, वाचत बसलं तर मग बोलणार कधी?

तुम्हाला सांगतो, आमच्या भागाचा ऑनलाइन कट्टा आहे एक. चर्चेसाठी. पाणी का गेलं, कुत्रं कुणाचं, लिफ्टमध्ये कोण थुंकलं... आणि आमचे अण्णा, म्हणजे वडील, हल्ली विसरतात. जेवलो की नाही ते विसरतात, मी कोण ते विसरतात. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, त्यामुळे शुद्धलेखन तेवढं विसरत नाहीत. तर परवा सकाळी ही ऑफिसला गेलेली, मी आंघोळीला गेलो, बाहेर येऊन बघतो तर दार सताड उघडं आणि अण्णांच्या चपला नाहीत! गल्ली पालथी घातली, बस स्टॉप बघितला, पोलिसांत सांगितलं, ते म्हणाले बघतो. म्हटलं, कट्ट्यावर एवढी माणसं पडीक असतात, कुणाला तरी दिसतील. अण्णांचा फोटो लावला आणि लिहिलं, 'आमचे अण्णा आज सकाळी कुणालाही काही न सांगता गेले ते अजून परतलेले नाहीत.' मग खाली निळा सदरा, मनगटावर भाजल्याचा जुना डाग, माझा नंबर, सगळं सगळं.

आता त्या कट्ट्याची शिस्त बघा! अर्धंच वाक्य दाखवायचं आणि बाकीचं घडी घालून आत ठेवायचं. तेव्हा लोकांना दिसलं काय? अण्णांचा फोटो, आणि खाली, 'आमचे अण्णा आज सकाळी कुणालाही काही न सांगता गेले...' आणि टिंबं! आणि निळ्या अक्षरात 'पुढे वाचा'!

वाचलं का कुणी? पापणी लवायच्या आत पहिला आला, "भावपूर्ण श्रद्धांजली." दुसरा, "भावपूर्ण श्रद्धांजली." तिसऱ्याला तेवढंही टाइप करायचा कंटाळा, "भा. श्र."! मग पलीकडच्या इमारतीतल्या मावशी, "न सांगता गेले? भाग्यवान हो! कुणाला त्रास नाही, काही नाही... झोपेतच का?" मी लिहिलं, अहो मावशी, अण्णा जिवंत आहेत! तर त्या काय म्हणाव्यात? "हो रे बाळा, आठवणींत ते कायम जिवंतच राहतील." घ्या! आता डोकं कुठे आपटायचं?

दुसरी एक जमात वेगळीच. ही मूळ लेखाकडे बघतसुद्धा नाही, फक्त शेवटचा प्रतिसाद बघते आणि त्याला उत्तर देते. एकानं विचारलं, "किती वाजता काढणार?" दुसरा म्हणाला, "पाच." कुणी सांगितलं रे तुला पाच? कुणाला काढणार? तिसरा म्हणाला, "पाचला आलो तर गाडी कुठे लावायची?" झालं! गाडी म्हटल्यावर अख्खा कट्टा जागा झाला! पाहुण्यांच्या गाड्या, दुचाकीवाल्यांची दादागिरी, सेक्रेटरीची पांढरी गाडी दोन जागा कशी अडवते... मला खाली तळाशी गाडून ते वर यथेच्छ भांडले. आणि माझा बाप रस्त्यात कुठे उन्हात उभा असेल, घर विसरलेला, नाव विसरलेला, रस्ता ओलांडताना त्याला कुणी हात धरेल का नाही... रडू आलं हो मला. खोटं कशाला बोलू? गाड्यांच्या भांडणात मी एकटा रडत होतो.

आणि कडी कुणी केली? कट्ट्याच्या संचालकांनी! निवृत्त हेडमास्तर. त्यांनी माझा लेख उचलून थेट 'निधनवार्ता' विभागात टाकला आणि खाली लिहिलं, "सभासदांनी मौन पाळावे म्हणून प्रतिसाद बंद करण्यात येत आहेत." म्हणजे आता मीही बोलायचं नाही! फोन केला, तर म्हणतात, "सावरा स्वतःला." अहो सर, पुढे वाचा ना! "वाचू हो, सवडीनं वाचू."

आणि दुपारी फोन वाजला. अनोळखी आवाज, जरा घाबरलेला. "साहेब, मी स्टेशनपलीकडचा सलूनवाला... तुमचे वारलेले वडील माझ्या खुर्चीत बसलेत. अर्धी दाढी झालीय."

झालं होतं काय, हा सलूनवालाही कट्ट्यावर. दाढी अर्धी टाकून फोटोला हात जोडत होता, आणि खुर्चीतल्या आजोबांना म्हणाला, "बघा, कसा चांगला माणूस, गेला बिचारा." आजोबांनी मोबाइल घेतला, लांब धरला, आणि दाबलं की हो! 'पुढे वाचा' दाबलं! अख्ख्या कट्ट्यात एकट्या त्यांनी! शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, फोटोतला माणूस ओळखला नाही, मग आपलं मनगट बघितलं, डाग बघितला आणि म्हणाले, "यांना फोन लावा. वाट बघत असतील बिचारे."

मी धावत गेलो. गळ्यात पडलो. अण्णांनी मला नीट न्याहाळलं, आणि गालावरचा फेस तसाच ठेवून म्हणाले, "तुम्हीच का ते? 'त्वरीत कळवावे' लिहिलंय. त्वरित! ऱ्हस्व!" मी म्हटलं, चुकलं अण्णा. घरी चला.

संध्याकाळी म्हटलं, आता घडी पडायला जागाच ठेवायची नाही. तीनच शब्द लिहिले. 'अण्णा परत आले.' त्यात वाचायला पुढे काही नाही, मागे काही नाही. लगेच मावशींचा प्रतिसाद, "अय्या! इतक्या लवकर? अभिनंदन! मुलगाच ना? नाक आजोबांवर गेलंय का?" आणि खाली फुलं, फुगे, पाळणे!

तुम्हाला सांगतो, मी भांडलो नाही. लिहिलं, 'हो मावशी. बाळ सुखरूप आहे. वजन अडुसष्ट किलो.'

अंगठे येताहेत अजून.