ब्रदरांच्या नावची सव्वा मूठ

जबाब देणार: कुंदन मगन बोरसे, वय ४६ वर्षे, धंदा लूम कारागीर, राहणार नवागाम, डिंडोली, सुरत. मूळ गाव तापीकाठी, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे.

बोलावणे आल्यावरून मी आज सकाळी ठाण्यात समक्ष हजर झालो असून विचारले त्याप्रमाणे सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी उज्ज्वला व मुलगा अक्षय यांच्यासह राहतो. माझी आई भागीरथी आमच्यासोबतच होती. ती यंदा माघ महिन्यात वारली. वडील पूर्वीच वारले आहेत. मी ऐन विशीत सुरतेला आलो तो इथलाच झालो. मला गुजराती चांगले येते, पण जबाब मराठीत घ्यावा अशी मी विनंती केली, कारण आईबद्दल दुसऱ्या भाषेत सांगणे मला जमायचे नाही. जमादारसाहेब नंदुरबारकडचे असल्याने त्यांनी ते मान्य केले.

माझा चुलतभाऊ योगेंद्र बोरसे याने ठाण्यात दिलेला अर्ज मला वाचून दाखवला. अर्जात असे आहे की, ब्रदर रेनातो नावाच्या परदेशी मिशनऱ्याने माझ्या आईस सेवेची लालूच दाखवून तिचा धर्म बदलला, आणि ती वारल्यावर तिच्या दहाव्यालाही तो येऊन बसला. सोबत एक फोटो जोडला आहे. फोटोत तापीच्या काठावर मुंडण केलेले जे गृहस्थ दिसतात ते ब्रदर रेनातोच आहेत. शेजारी मुंडण केलेला आहे तो मी. फोटो खरा आहे, अर्ज खरा नाही. ब्रदर यांना या देशात राहू द्यायचे की नाही हे या चौकशीवर ठरणार असे मला कळले आहे. माझ्या आईच्या नावाचाही प्रश्न आहे, म्हणून मी सगळे पहिल्यापासून सांगतो.

ब्रदर रेनातो हे फिलिपीन्स देशातले आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या संस्थेचे मलमपट्टीचे केंद्र आहे. लूमवर कोणाचे बोट सापडले, कोणाचा पाय भाजला, तर पहिल्यांदा माणूस तिथेच जातो. ते इथे आले तेव्हा वर्षभर गुजराती शिकून आले होते. आमच्या गल्लीत घरोघरी अहिराणी चालते, त्यामुळे त्यांचे ते शिकणे पाण्यात गेले. पहिले काही महिने ते नुसते हसत आणि मान हलवत. आमचे लोक त्यांना हसत, आणि ते हसतात म्हणून आणखी हसत.

त्यांना कोणीतरी सांगितले होते की इथे पाया पडण्याची रीत आहे. कोणाच्या पडायचे ते सांगायचे राहिले असावे. ते म्हाताऱ्यांच्या पडले, माझ्या पडले, भाजीवाल्या छगनच्या पडले आणि अंगणवाडीतल्या पोरांच्याही पडले. पोरे त्यांना पाहून पाय पोटाशी घेऊन बसू लागली. राखीपौर्णिमेला गल्लीतल्या पोरींनी त्यांना कोपरापर्यंत राख्या बांधल्या. काढल्या तर बहिणींना वाईट वाटेल म्हणून त्यांनी त्या कुजेपर्यंत ठेवल्या, आणि पट्टी करताना हातमोजा चढेना म्हणून केंद्रात एकच गोंधळ झाला. शेवटी माझ्या आईने कात्री घेऊन त्या कापल्या. हे चौकशीत लागेल की नाही माहीत नाही, पण विचारल्यावरून सांगितले.

माझ्या आईला साखरेचा आजार होता. तिच्या पायाला जखम झाली ती भरेना. ब्रदर एक दिवसाआड घरी येऊन पट्टी बदलून जात. त्याबद्दल त्यांनी कधी काही घेतले नाही आणि काही सांगितलेही नाही. पट्टी झाल्यावर ते क्षणभर डोळे मिटून बसत हे खरे आहे. ते काय म्हणत ते ओठातल्या ओठात असे. आम्ही आईला विचारले तर ती म्हणे, दिवसभर लोकांचे पाय धुतो, दमला असेल बिचारा, मिटू द्या डोळे. आईच्या उशाशी शेवटपर्यंत आमच्या कानबाई देवीचा फोटो होता आणि तो आजही तिथेच आहे.

आता मुख्य गोष्ट. एकदा आमच्याकडे सत्यनारायण होता. ब्रदर यांनी प्रसाद हातात घेतला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला. त्यांचा हेतू तो नंतर आदराने खाण्याचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिशाला मुंग्या लागल्या आणि बायकांनी प्रसादाचा अपमान झाला अशी कुजबूज केली. आईने त्यांना समोर बसवून समजावले, "भाऊ, हातमा दिधं का तोंडमा टाकानं. खिशामा नही." हातात दिले की तोंडात टाकायचे, ही गोष्ट ब्रदर यांनी अशी मनावर घेतली की पुढे गल्लीतल्या सुवर्णाच्या लग्नात हातात दिलेल्या अक्षताही त्यांनी खाल्ल्या. भटजी मंगलाष्टके म्हणत होते आणि ब्रदर तांदूळ चावत होते. आवाज मांडवात ऐकू गेला. नवरा मुलगा अंतरपाटामागे हसत होता हे मी स्वतः पाहिले.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्याकडे कानबाई बसली होती. आमच्या खानदेशातली रीत अशी की, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मापतात, ते दळून त्याचे रोट करतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे असतात. परक्याला त्यातला घास देत नाहीत. परक्याने खाल्ला तर देवी कोपते अशी आमच्या लोकांची समजूत आहे. सोमवारी सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर शिरवायला, म्हणजे विसर्जनाला, नेतात. त्या दिवशी आम्ही सगळे नदीवर होतो. आईला चालवत नव्हते म्हणून ती एकटी घरी होती.

आम्ही परत आलो तेव्हा ब्रदर ओट्याशी उभे होते, हातात आईचे ताट होते आणि आई पलंगावर बसली होती. झाले ते असे. आई रोट खात असताना ब्रदर पट्टी करायला आले. तिला हात धुवायला उठायचे होते म्हणून तिने ताट त्यांच्या हातात दिले आणि धर जराखा असे म्हणाली. हातात दिले की तोंडात टाकायचे हे तिनेच शिकवलेले होते. तिने हात धुऊन वळून पाहीपर्यंत ताट रिकामे झाले होते. ब्रदर यांना रोट आवडला होता आणि त्यांनी तसे सांगितलेही.

पहिल्यांदा दारातली पोरे हसली. मग बायका हसल्या. मग माझी चुलती शांताबाई, म्हणजे योगेंद्रची आई, खाली बसली आणि हसणे थांबले. ती म्हणाली, "रोट परकाना पोटमा गया, बाई. आते कानबाईले काय सांगसूत?" ब्रदर यांना कोणीतरी गुजरातीतून अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. घशात बोट घालून ते काढता येईल का असे त्यांनी खरोखर विचारले. त्यावर मात्र कोणी हसले नाही.

घरात आईच वडीलधारी होती, त्यामुळे सगळे तिच्याकडे पाहत होते. मग ती शांताबाईला म्हणाली, "काय सांगना शे? त्यानी रोट खादा, आते तो परका नही. त्याना नावना सव्वा मूठ गहू काढ." उज्ज्वलाने कोठीतून गहू आणले. आईने आपल्या हाताने सव्वा मूठ मापली, कानबाईच्या रिकाम्या चौरंगापुढे हात जोडले आणि म्हणाली की मोजताना एक पोरगा चुकला होता, आता मोजला. त्याच दिवशी ते गहू दळून आणखी एक रोट झाला आणि ब्रदर यांना तो आमच्या पंगतीत बसून खावा लागला. या वेळी ते घास घेण्याआधी दरवेळी आईकडे पाहत होते.

योगेंद्रला हे मान्य नव्हते. पुढे त्याच्या मुलाला डेंग्यू झाला, पोर मरता मरता वाचले, आणि कानबाई कोपली हे त्याच्या डोक्यात बसले. बापाच्या जागी मी असतो तर माझेही डोके ठिकाणावर राहिले नसते. मुलगा दवाखान्यात असताना ब्रदर रोज तिथे जाऊन बसत. योगेंद्र त्यांच्याशी बोलत नसे म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसत. गेल्या श्रावणात योगेंद्रने आपली कानबाई वेगळी बसवली. एका घराच्या दोन कानबाया झाल्या याचे आईला फार लागले, पण तिने ब्रदर यांच्या नावची मूठ कमी केली नाही. माझा योगेंद्रवर राग नाही. त्याने अर्ज देण्याआधी माझ्या दारात येऊन भांडायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आई वारली तेव्हा तिला आमच्या रीतीप्रमाणे अग्नी दिला. अग्नी मी दिला. ब्रदर यांनी खांदा दिला. अनवाणी चालायची रीत आहे म्हणून त्यांनीही बूट काढले आणि डांबरी रस्त्याने त्यांचे तळपाय सोलवटले. दुसऱ्यांच्या पायांना पट्ट्या बांधणारा माणूस त्या दिवशी लंगडत घरी गेला. त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि कोणी नको म्हटले नव्हते.

दहाव्याला आम्ही तापीवर गेलो. भाऊबंद मुंडणाला ओळीने बसले, तेव्हा ब्रदर येऊन ओळीच्या शेवटी बसले. न्हाव्याने माझ्याकडे पाहिले. मी कर म्हणालो. डोके झाल्यावर न्हावी मिशी काढू लागला, तर ब्रदर यांना मिशीच नव्हती. आपल्याकडून काही कमी पडू नये म्हणून त्यांनी भुवयांकडे बोट दाखवून या काढायच्या का असे विचारले. सगळी ओळ हसली. मीही हसलो. आई गेल्यापासून मी तोवर रडलो नव्हतो, लोक मला त्यावरून नावे ठेवत होते. तिथे हसता हसता मला रडू फुटले ते आवरेना. ब्रदर यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. फोटो त्याच वेळचा आहे. फोटोत मी हसतोय असे वाटते, तसे नाही.

आईचा धर्म बदलला का, असे मला विचारले. आमच्यातल्या कोणीही ब्रदर यांचा धर्म घेतलेला नाही. त्यांनी मात्र आमचा रोट खाल्ला, खांदा दिला आणि डोके केले. धर्म बदललाच असेल तर कोणाचा बदलला ते साहेबांनीच ठरवावे. मुंडणानंतर त्यांच्या संस्थेच्या मोठ्या फादरांनीही त्यांना बोलावून, तुझे धर्मांतर झाले की काय असे विचारले होते. हे ऐकून जमादारसाहेब हसले, आणि हसलो ते लिहून घेणार नाही म्हणाले. मी लिहा म्हणालो.

इथे येण्याआधी मी ब्रदर यांना भेटलो. ते सामान आवरत होते. मी काय सांगू असे विचारले, तर ते म्हणाले, माझ्यासाठी खोटे बोलू नका, ताट मी खाल्ले होते. मी त्यांना म्हणालो की तेच सांगायला चाललो आहे.

दोन महिन्यांवर श्रावण आला आहे. आई नाही, तेव्हा रोटाचे गहू यंदापासून उज्ज्वला मापेल. आमच्यात पुरुष घरी असो, परगावी असो, त्याच्या नावची मूठ धरतातच. ती फक्त माणूस मेल्यावर कमी होते. त्यामुळे ब्रदर यांना परत पाठवले तरी त्यांची सव्वा मूठ आमच्या घरात मापली जाईल. आईने ठरवलेले माप मी कमी करणार नाही. तो रोट त्यांना आमच्या पंगतीत बसून खाता यावा, एवढी माझी विनंती आहे. योगेंद्रलाही मी पंगतीचे बोलावणे करणार आहे.

वरचा मजकूर जमादारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. फक्त ब्रदर रेनातो यांचे माझ्याशी नाते या ठिकाणी त्यांनी ‘ओळखीचे’ असे लिहिले होते. ते खोडायला लावून मी तिथे ‘भाऊबंद’ असे करून घेतले, आणि खाडाखोडीवर माझी सही केली आहे. आता बरोबर आहे.

समक्ष सही: कुंदन मगन बोरसे