पाण्याला झालेला आजार

हॅलो? … हां ताई, बोल… नाही गं, जेवले नाही अजून… लॅबमध्ये आहे, आतल्या खोलीत… बोल ना, चालतंय. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत. फोन खांद्यात धरलाय.

पडदे? … बघितले की. गेल्या आठवड्यातच बघितले… तो शेवाळी नको गं, घर आहे का तळं? … राखाडी घे… उदास वाटतो? मग मला विचारतेस कशाला!

आवाज? … काही नाही झालं… काही नाही म्हटलं ना… बरं, सांगते. पण भाऊजींना बोलू नकोस, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

अगं, आमच्या पाण्याला आजार झालाय.

पाण्याला! … नाही, पिऊन नाही झाला कोणाला. ऐक तर. आमची ती चिप आठवते ना तुला? … तीच, बिस्किटाएवढी, पारदर्शक. तिच्यात केसाहून बारीक नळ्या कोरलेल्या असतात. एका नळीत पेशंटची थुंकी सोडायची. थुंकीत जंतूचा डीएनए असला तर आतल्या आत त्याच्या लाखो प्रती होतात आणि नळी चमकते. जितकी लवकर चमकेल तितके जंतू जास्त… हो, एवढंच. एवढ्यासाठीच तुझी बहीण केस पिकेपर्यंत शिकली.

आता शेजारच्या नळीत आम्ही नुसतं पाणी घालतो. ती काळीच राहिली पाहिजे. पाणी काळं राहिलं, म्हणजे बाकीचं खरं… आणि गेल्या आठवड्यापासून पाणीच चमकतंय!

मोठे सर काय म्हणणार? म्हणाले, पाणी बदला. बदललं. तेही चमकलं. मग म्हणाले, भारीतलं आणा. भारीतलं जरा जास्तच चमकलं. मग म्हणाले, त्या नळीवर कंपनीचा लोगो चिकटवा, शोभून दिसेल… तुझी शपथ! सोमवारी पाहुणे येणारेत हे चिपेचं मशीन बघायला. त्यांना पाणी कशाला दाखवायचं, म्हणे… अगं, हे मशीन उद्या दवाखान्यांत जाणार. धडधाकट माणसाला सांगणार, तुम्ही आजारी. हसतेस काय?

नाही, चिकटवला नाही. समिती नेमली… पाण्यासाठी, हो. समितीने चहा घेतला आणि शोधून काढलं की कोणीतरी घाण करतंय. म्हणजे, चमकलेल्या चिपेतला तो डीएनए कोणीतरी या स्वच्छ खोलीत आणतंय… दिसत नाही ना! कणभर आला तरी पुरतो. आणि खापर फुटलं घाईबाईंवर.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गं. चालत नाहीत, धावतात… त्याच. मला ताप होता तेव्हा डबा पाठवायच्या, त्याच. आज चार वाजता त्यांना नारळ देणार आहेत.

पुरावा कसला? घाई करतात ना, म्हणजे त्याच असणार…

मी? … मी काय म्हणणार… सरांनी विचारलं मला. मी म्हटलं, हात जरा धसमुसळा आहे खरा… अगं, पण आहे! … माहितीये, घरी त्या एकट्याच कमावत्या आहेत. नको ना ताई, आता तू तरी नको ऐकवूस.

छे! माझ्याकडून होणं शक्यच नाही. ती झालेल्या चिपा उघडायची खोली निराळी, ही भरायची निराळी. चपला बाहेर. तिथला कोट तिथे, इथला इथे. हातमोजे बदलायचे. पेनसुद्धा तिथलं लाल, इथलं निळं. तिथली कुठलीही वस्तू इकडे येत नाही म्हणजे नाही. काल तर सरांचा चष्मासुद्धा मी दारातच काढून ठेवायला लावला… आले बिचारे भिंत चाचपडत.

काय? … परत बोल.

… मग मी कशावर बोलतेय?

…

आहे, आहे मी. ऐकतेय… फोनवर. फोनवर बोलतेय.

ताई, गेल्या आठवड्यात तू पडद्यांचे फोटो पाठवलेस ना… तेव्हा मी तिकडे होते. झालेल्या चिपा उघडून तपासत होते… हातमोज्यांसकट बघितले गं. दोन बोटांनी मोठे करकरून. तूच म्हणालीस ना, शिवण नीट बघ!

ओरडू नकोस. तुझा काय दोष… तिकडे असले तर तिकडे उचलते, इकडे असले तर इकडे. कोट तेवढा बदलते, आणि फोन या खिशातून त्या खिशात. स्वतःच्या हाताने. पेनांना रंग लावत बसले मी!

थांब, स्पीकरवर टाकते. कापसाची काडी फिरवते फोनवरून… खरखर ऐकू आली? तीच… घातली चिपेत. आता दहा मिनिटं. तू बोल. काहीही बोल, पण बोलत राहा… हं… हं… मग शिंपी काय म्हणाला? … अस्तरासकट? … हं… चोर आहे मेला… हं…

ताई. चमकली.

अगं, जरा म्हणजे काय? एवढी तर पेशंटची थुंकीही चमकत नाही. माझा फोन अत्यवस्थ आहे.

पुसून टाकू? … हो, ब्लीच आहे इथेच. बोळाही आहे… बरोबर, एकदा पुसला की काही उरत नाही… कोणालाही कळणार नाही. उद्यापासून पाणी काळं. आणि सगळे म्हणतील, बघा, घाईबाई गेल्या आणि पाणी बरं झालं.

हो, बढती यायचीये माझी… हो ना, सर माझंच उदाहरण देतात सगळ्यांना, शिस्त शिका म्हणून… ताई, जरा गप्प बस. बोळा भिजवलाय. हातातच आहे… रडत नाहीये. ब्लीच झोंबतंय डोळ्यांना.

एक मिनिट. दारात कोणीतरी आहे… या ना, घाईबाई… कपाटाची किल्ली? … हो, ठेवा ना आत टेबलावर… अहो, या आत…

अगं ताई, त्या आत येतच नाहीयेत. चपला काढून उंबऱ्याबाहेर उभ्या आहेत. किल्ली हात लांबवून देतायत. म्हणतात, माझ्यामुळे तुमचं पाणी परत बिघडायला नको…

घाईबाई! थांबा! … अहो, आज तरी घाई करू नका! …

ताई, ठेवते… नाही पुसला. तसाच पिशवीत घालतेय. सरांच्या टेबलावर ठेवायचाय, चारच्या आत… जाईल तर जाईल बढती… हो, मीच सांगणार, त्यांना शेजारी उभं करून… घे गं, राखाडीच घे. आणि हे बघ, संध्याकाळपर्यंत फोन करू नकोस… अगं, मी सगळं कबूल करत असताना पुरावाच वाजायला लागला, तर बरं दिसेल का?